गहू खाल्ला म्हणून गप्प बसायचं का?

शहापूर, बेळगाव
5 ऑक्टोबर 2025

प्रिय दोस्ता,

परवाचा फोन नेटवर्कमुळे तुटला असं तू वहिनींना सांगितलं असणार. मीही घरात तेच सांगितलंय. आपण दोघंही तापलो होतो हे त्यांना कळायचं ते कळलंच असेल. फोनवर भांडताना समोरचा काय म्हणतोय यापेक्षा आपण पुढं काय ठोकायचं इकडंच लक्ष असतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. दसरा आटोपला, दुर्गामाता दौडीची पहाटेची धावपळ संपली, गल्ली जरा निवांत आहे. पत्र लांबणार आहे. एका बैठकीत वाचू नकोस, रक्तदाबाची गोळी घेऊन वाच.

जूनमध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, त्यावर मी इथल्या एका लहानशा कार्यक्रमात बोललो. पुढं बसलेली पंचवीसेक डोकी, त्यातली निम्मी चहासाठी आलेली. तुझ्या भाच्यानं त्याचं चित्रण तुला तिकडं अमेरिकेत धाडलं आणि तू पेटलास. आधी म्हणालास, ज्या देशाचा गहू खाऊन वाढलो त्यालाच शिव्या घालतोस. मग म्हणालास, रशियाबद्दल कधी तोंड उघडलंस का. आणि फोन तुटायच्या आधी जे बोललास ते जास्त लागलं: "शहापुरात बसून अमेरिकेला अक्कल शिकवायला काय जातंय? आम्ही इथं राहतोय."

गव्हापासूनच सुरू करतो, कारण तो विषय माझ्या जिभेवर आहे. तुला शाळेतलं उप्पीट आठवतं? 'केअर' या अमेरिकन मदतसंस्थेच्या गव्हाच्या भरड्याचं, मोठ्या पातेल्यात शिजवलेलं, वर ते पिवळं तेल. त्या तेलाचा वास दप्तराला लागायचा, पाटीलासुद्धा. रिकाम्या डब्यांवर अमेरिकन ढाल आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले असायचे. आमच्या परसात असल्याच एका डब्यात आईनं अबोली लावली होती. पत्रा गंजला, तरी हात बरीच वर्षं दिसत होते. तेव्हा मला वाटायचं, एक हात आपला आणि एक त्यांचा. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण वाटायचं. आजही वाईट वाटत नाही. पोट भरलं होतं, ते नाकारण्याइतका मी कृतघ्न नाही.

पण त्या गव्हाची दुसरी बाजूही तुला माहीत असायला हवी, तू तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पीएल 480 हा अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा 1954 चा. 1965 आणि 66 असा दोन वर्षं लागोपाठ पाऊस फसला, आणि 66 साली आपण बाहेरून सुमारे 1 कोटी टन धान्य आणलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. त्याच काळात भारत व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा म्हणत होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनसाहेब, त्यांना ते झोंबलं. त्यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता जहाजं थोडी थोडी, स्वतःच्या देखरेखीखाली सोडायला लावली. पुढचं जहाज निघेल की नाही, हे दिल्लीतल्या मंत्र्यांना शेवटपर्यंत कळत नसे. जहाजातून थेट तोंडात, अशी तेव्हाची अवस्था होती. शेती सुधारा, खतांवर खर्च करा, असाही दट्ट्या त्यामागं होता आणि तो अगदीच गैर होता असं मी म्हणणार नाही. पण व्हिएतनामचा राग गव्हावर निघाला, हेही तितकंच खरं.

आता यात गंमत बघ. त्या लाचारीतून सुटायला मदत कुणी केली? नॉर्मन बोरलॉग, आयोवाचा शेतकऱ्याचा पोरगा. मेक्सिकोत त्यानं तयार केलेल्या बुटक्या गव्हाचं 18,000 टन बियाणं आपण 1966 साली आणलं. म्हणजे एक अमेरिकन आपल्याला रांगेत उभा करत होता आणि दुसरा रांगेतून बाहेर काढत होता. मी 'अमेरिका' म्हणतो तेव्हा यातला कुठला, असं तू विचारलंस तर तो प्रश्न मला मान्य आहे. तू विचारलाच नाहीस. तू सरळ गव्हाचं बिल पुढं केलंस.

आमच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त सुभेदार येतात. तुझं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "काय गा मास्तर, खाल्लंय म्हणून बोलायचं नाही म्हणतोय होय तुमचा दोस्त? मग आम्ही पेन्शन खाणाऱ्यांनी मुकंच बसायला पाहिजे की!" सुभेदारांचं अमेरिकेशी खातं जुनं आहे. आपल्या कॅम्पातून गेलेली पोरं 71 साली पूर्व पाकिस्तानात लढली, मराठा रेजिमेंटची जंगी पलटण जमालपूरला भिडली, आणि डिसेंबरच्या मध्याला राष्ट्राध्यक्ष निक्सननं 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली. सुभेदार ते सांगताना आजही आवाज चढवतात.

पण मी त्यांना नेहमी आर्चर ब्लडची गोष्ट ऐकवतो, आणि तुलाही ऐकवणार आहे. हा ढाक्यातला अमेरिकेचा कॉन्सुल जनरल. 6 एप्रिल 1971 ला त्याच्या कचेरीतून वॉशिंग्टनला तार गेली. खाली 20 अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या सह्या. पाकिस्तानी लष्कर इथं लोकशाही चिरडतंय, माणसं मारतंय आणि आपलं सरकार गप्प बसलंय, हे नैतिक दिवाळं आहे, असा तिचा सूर. ब्लडनं ती आपल्या पाठिंब्यासह पुढं पाठवली. परिणाम काय? त्याला ढाक्यातून हलवलं, आणि परराष्ट्र खात्यातली त्याची चढती कमान तिथंच थांबली. आता मला सांग, हा माणूस अमेरिकेचा शत्रू होता का? आणि मी जे बोललो ते त्यानं लिहिलेल्यापेक्षा कडक होतं का?

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरचे सगळ्यात जहाल शब्द मला मॉस्कोच्या पुस्तकांत सापडले नाहीत रे, अमेरिकनांच्याच तोंडी सापडले. व्हिएतनामची खोटी बाजू उघडी करणारे पेंटागॉनचे कागद एल्सबर्गनं 1971 साली बाहेर काढले, आणि वर्तमानपत्रांना ते छापू द्या असा निकाल त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 नं दिला. सीआयए या त्यांच्या गुप्तहेर संस्थेच्या परदेशातल्या खुनाच्या कटांची चौकशी 75 साली त्यांच्याच सिनेटच्या समितीनं केली. 2001 च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्कचे ते मनोरे पडल्यावर तीनच दिवसांनी, युद्धाचे अधिकार राष्ट्राध्यक्षांना द्यायचा ठराव प्रतिनिधीगृहात आला तेव्हा 420 मतं बाजूनं आणि विरोधात एक. बार्बरा ली. तिला जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पुढं त्याच ठरावाच्या आधारानं अफगाणिस्तानच्या कितीतरी पलीकडच्या देशांत कारवाया झाल्या. तेव्हा ती एकटी काय बोलत होती ते उशिरानं का होईना, बऱ्याच जणांना उमगलं.

म्हणून तुझं ते शेवटचं वाक्य मला उलटं वाटतं. शहापुरातून मी बोललो तर वॉशिंग्टनातलं पानही हलणार नाही. तू तिथला नागरिक आहेस, मतदार आहेस, तुझ्या करातला पैसा त्या बॉम्बमध्ये आहे. बोलायचा पहिला हक्क तुझा. आणि तूच मला म्हणतोस, गप्प राहा!

रशियाचा मुद्दा मात्र तुझा रास्त आहे, आणि तिथं मी माझ्याच गोटातल्यांवर चिडतो. 1956 चा तो आठवडा बघ. 29 ऑक्टोबरला इस्रायल सिनाईत घुसलं, पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सची विमानं इजिप्तवर. 1 नोव्हेंबरला आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि 4 तारखेला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये. सुएझवर, म्हणजे इजिप्तवरच्या हल्ल्यावर, आपण लगेच कडाडलो. हंगेरीवर अडखळलो, इतके की संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत मुक्त निवडणुका मागणाऱ्या ठरावाच्या विरोधात हात वर केला. आणि त्याच सुएझमध्ये ब्रिटन-फ्रान्सला माघार घ्यायला लावली कुणी? आयझेनहॉवरच्या अमेरिकेनं. माझ्या भाषणात हे दोन्ही होतं. तुझ्या भाच्यानं तेवढा तुकडा गाळून पाठवलं असेल तर त्याचा कान धर. 80 साली अफगाणिस्तानावर आपण तटस्थ, 2022 साली युक्रेनवर तटस्थ. तेलाची आणि शस्त्रांची गरज मला कळते, सरकारला ती पाहावीच लागते. पण मी काय सरकार आहे? मला कुणाकडून तेल घ्यायचंय? सरकारनं तटस्थ राहिलं म्हणून आपल्या जिभेनंही तटस्थ राहावं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

आमच्यातही एक जमात आहे, जिला कुठंही खुट्ट झालं की सीआयए दिसते. ढाक्यात पोरं रस्त्यावर आली, सीआयए. नेपाळात सरकार पडलं, सीआयए. 1953 साली इराणमध्ये पंतप्रधान मोसाद्देगला पाडण्यात सीआयएचा हात होता, हे 2013 मध्ये त्यांच्याच कागदांतून कबूल झालं, त्यात वाद नाही. पण म्हणून जगातली प्रत्येक गर्दी भाड्याची? या मंडळींना अमेरिकेचा राग येतो की कौतुक वाटतं, मला कधीकधी कळत नाही. इतकी ताकद तर खुद्द अमेरिकाही स्वतःकडे असल्याचं सांगत नाही.

सध्या इथं अमेरिकेचे सगळ्यात मोठे टीकाकार कोण आहेत सांगू? उद्यमबागेतल्या कारखान्यांतले कास्टिंगवाले, म्हणजे ओतकामवाले. आपल्या वर्गातला तो, आता फाउंड्री आहे त्याची, तू ओळखलास. गेल्या वर्षीपर्यंत "बिझनेस शिकावा तर अमेरिकेकडून" म्हणायचा. ऑगस्टात भारतीय मालावर आधी 25 टक्के, मग रशियन तेलाचं निमित्त करून आणखी 25 लागले आणि गडी एका रात्रीत साम्राज्यवादविरोधी झाला. त्याचं दुःख खोटं नाही. नवीन ऑर्डर अडकल्यात, दुसऱ्या पाळीची माणसं कमी केलीत. आणि रशियाचं तेल सगळ्यात जास्त घेणाऱ्या चीनला तो दंड नाही, हे तो बोलतो तेव्हा बरोबरच बोलतो. पण इराक, गाझा यावर त्याला आजवर एक वाक्य सुचलं नव्हतं, आणि उद्या टक्के उतरले की आजचं भाषणही उतरेल. सुरक्षा परिषदेत गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर गेल्या महिन्यात पुन्हा अमेरिकेचा नकाराधिकार आला, बाकीचे चौदाही सदस्य एका बाजूला. मी ते काढलं तर म्हणतो, "ते जाऊ दे, ड्यूटी कधी कमी होणार ते सांग." एच-1 बी या नोकरीच्या व्हिसावर 1 लाख डॉलर फी लावल्यापासून तुझ्याकडच्या काही देशभक्तांचंही असंच झालंय असं ऐकतो.

तुला वाटेल, या माणसाला दुसरे उद्योग नाहीत, सीमाभागात राहून जगाची उठाठेव. पण अरे, 'मग तू नेमका कुणाचा?' हा प्रश्न इथं आपल्याला जन्मापासून विचारला गेलाय. मराठीत कागद मागितला की, तिकडं जा. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम जाचतो म्हटलं की, तिकडं जा. मागणी बरोबर की चूक, याला कुणी हातच घालत नाही. माणसाचा पत्ता विचारला की झालं. तुलाही तिथल्या दुकानात कुणी तरी 'परत जा' म्हटलं होतं ना, तेव्हा रात्री अडीचला मला फोन केला होतास. परवा तू मला तेच ऐकवलंस, फक्त शब्द वेगळे.

फार फुशारून जाऊ नये म्हणून सांगतो, टपरीवर एक कानडी मित्रही आहेत, निवृत्त बँक मॅनेजर, मराठी तुझ्यामाझ्यापेक्षा स्वच्छ. ते म्हणाले, "अमेरिकेनं दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये म्हणता, मग मुंबईचे मंत्री इकडं आले की तुम्ही हार घेऊन का उभे राहता?" मी म्हटलं, आम्ही बोलावतो म्हणून. ते म्हणाले, "सगळीकडं कुणी तरी बोलावतंच की हो." हा वाद अजून मिटलेला नाही, त्यांच्या पेन्शनच्या दिवशी मिसळीवर पुढं चालू होणार आहे.

तर आता तुझ्याकडून मला काय हवंय ते लिहितो. इराणवरचे हल्ले योग्य होते असं तुला वाटत असेल तर का, ते सविस्तर लिही. अणुबॉम्बची भीती, इस्रायलचं संरक्षण, जे काय असेल ते. मी वाचेन, पुन्हा वाचेन आणि मग भांडेन. फक्त त्यात गहू, माझं शहापूर आणि तुझं तिथं राहणं, हे तिन्ही आणू नकोस. आणि भाच्याकडून नको, पूर्ण भाषण मी स्वतः पाठवतो.

जानेवारीत येतोयस ना? येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाला जाऊ. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. तुझ्या जुन्या घराच्या पावतीचं काम महापालिकेत अडकलंय, त्यासाठी तुझ्या आधारची प्रत लगेच धाड.

तुझाच,
मास्तर