सेमी इंग्रजीचा पेपर दोन्ही भाषांत हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी शाळांतून सेमी इंग्रजीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा हेतू उघड होता : गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून, म्हणजे मूल आपल्या भाषेपासून तुटणार नाही आणि पुढे सायन्सला गेल्यावर गांगरणारही नाही. या वर्गांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. खासगी शाळांची फी न परवडणाऱ्या घरांतील कितीतरी मुले मराठी शाळेत टिकून आहेत, ती सेमीमुळेच. तक्रार आहे ती सेमी ज्या रीतीने चालवली जाते, त्याबद्दल.

कळव्यात आमच्या वस्तीतील मुलांचा मी संध्याकाळी अभ्यास घेते. त्यांतली सहावीची एक मुलगी अपूर्णांकांची वजाबाकी सफाईदारपणे करते, मात्र इंग्रजीतले शाब्दिक उदाहरण आले की पेन खाली ठेवून विचारते, "बाई, प्लस करायचं की मायनस?" दुकानदाराकडच्या साडेसात मीटर कापडातले सव्वादोन मीटर विकले गेले, तर उरले किती, असे मराठीत विचारताच कागदाला हात न लावता ती "सव्वापाच" म्हणून मोकळी होते. पुस्तक इंग्रजी, वर्गातले स्पष्टीकरण मराठी आणि पेपर पुन्हा इंग्रजी, अशा व्यवस्थेत मुले फळ्यावरची उत्तरे पाठ करतात, आणि प्रगतिपुस्तकात गणितातले अपयश म्हणून जे नोंदले जाते, ते पुष्कळदा वाचनातले असते.

शिकवण्याचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित-विज्ञानाच्या द्विभाषिक पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि बालभारतीने पहिलीच्या पुस्तकांत तशी सुरुवातही केली. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रान उठले आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्या गदारोळात आधीच्या दोन भाषांची घडी नीट बसली आहे का, हे विचारायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

माझी सूचना एवढीच, की सेमीच्या वर्गांना घटक चाचणीपासून वार्षिक परीक्षेपर्यंत गणित-विज्ञानाचे प्रश्न दोन्ही भाषांत छापून द्यावेत आणि उत्तर कोणत्याही भाषेत लिहू द्यावे. अशाने मुले इंग्रजी वाचायचीच नाहीत, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यासाठी इंग्रजीच्या तासालाच गणित-विज्ञानातील सोपे उतारे वाचून घेता येतील. पण 'नीट'सारख्या परीक्षेत मराठी निवडणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी मिळतात, तर सहावीच्या मुलाला ती सोय का नाकारायची? यासाठी नवे पद भरावे लागत नाही की नवी इमारत बांधावी लागत नाही. पेपरची पाने तेवढी वाढतील. येत्या सत्र परीक्षेपासून निदान पाचवी ते सातवीच्या वर्गांत हा प्रयोग करावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कळवा (ठाणे)