सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो, हे लेखी मागा

महोदय,

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांपासून नवी पेठेतील दुकानांपर्यंत बिलिंग आणि मालसाठ्याची सॉफ्टवेअर आता सर्रास वापरली जातात. ती बसवताना एक निर्णय मालकाला न विचारता परस्पर घेतला जातो, त्याविषयी हे पत्र.

सर्व्हर, म्हणजे इतर प्रोग्रॅमना माहिती पुरवणारा प्रोग्रॅम, सुरू होताना आपण कोणत्या आयपी पत्त्यावर (संगणकाचा नेटवर्कवरील क्रमांक) आणि कोणत्या पोर्टवर (त्या पत्त्यावरचे क्रमांक दिलेले दार) जोडण्या स्वीकारणार, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो. यालाच सॉकेट (जोडणीचे टोक) बाइंड करणे, म्हणजे त्या पत्त्याला बांधणे, म्हणतात. तो पत्ता १२७.०.०.१, म्हणजे लूपबॅक, असेल तर त्याच संगणकावरील प्रोग्रॅमच त्याच्याशी बोलू शकतात. वाड्यातली हाक वाड्यातच राहावी तसे. १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते या कामासाठी राखीव आहेत आणि त्यांची वाहतूक नेटवर्क कार्डातून बाहेर पडतच नाही. याउलट ०.०.०.० वर बाइंड केलेला सर्व्हर संगणकाच्या प्रत्येक पत्त्यावर ऐकतो.

घोळ इथेच होतो. बिले आणि साठ्याची माहिती ठेवणारा डेटाबेस हाही असाच एक सर्व्हर असतो. लूपबॅकवर बांधलेला डेटाबेस दुसऱ्या काउंटरवरून उघडत नाही, जोडणी नाकारल्याचा संदेश येतो. मग तंत्रज्ञ आधी नको त्या जोडण्या अडवणारी फायरवॉल बंद करतो (त्याचा येथे काही उपयोग नसतो, पण ती पुन्हा सुरू करायची मात्र राहून जाते) आणि शेवटी ०.०.०.० लिहून मोकळा होतो. एवढ्याने सर्व्हर लगेच इंटरनेटवर येतो असे नाही, कारण दुकानाला इंटरनेटशी जोडणारा राउटर आड असतो. परंतु मालकाला घरून विक्री पाहायची असते म्हणून राउटरवर तोच पोर्ट उघडला की ग्राहकांची उधारी आणि कारखान्याचे दर कोणाच्याही हाती लागू शकतात. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तर बहुधा राउटरचीही आड नसते. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) वापरणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण पोर्ट उघडताना पत्ता लिहिला नाही तर तो सर्वच पत्त्यांवर उघडला जातो.

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर पासवर्डाविना उघडे पडलेले मोंगोडीबी या सॉफ्टवेअरचे हजारो डेटाबेस पुसून त्यांच्या मालकांकडे खंडणी मागितली गेली. पुढे ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळातच लूपबॅकवर बांधलेले मिळू लागले.

उपाय खर्चिक नाही. बिलिंगचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच संगणकावर असतील तर डेटाबेस १२७.०.०.१ वरच ठेवावा. दुसरा काउंटर जोडायचा असल्यास १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या दुकानातील नेमक्या पत्त्यावर बाइंड करावे, आणि घरून पाहण्यासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) घ्यावे. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकतो, याची यादी मालकांनी तंत्रज्ञाकडून लेखी मागावी. नेटस्टॅट ही आज्ञा ती मिनिटभरात दाखवते. येथील महाविद्यालयांनीही प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना केवळ ०.०.०.० लिहून सर्व्हर चालवायला न लावता, १२७.०.०.१, संगणकाचा नेमका पत्ता आणि ०.०.०.० अशा तिन्ही पत्त्यांवर बाइंड करून तो शेजारच्या संगणकावरून उघडतो की नाही, हे तपासायला लावावे.

– एक वाचक, सोलापूर