सूचना : क्वांटम मेकॅनिक्सच्या अध्यापनाविषयी अभिप्राय

कोल्हापूर येथील आपल्या एम.एस्सी. पदार्थविज्ञान गटाच्या सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, क्वांटम मेकॅनिक्सच्या (अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या शास्त्राच्या) अध्यापनाविषयीचे लेखी अभिप्राय शनिवारपर्यंत, नाव न घालता, बंद पाकिटात वर्गप्रतिनिधींकडे द्यावेत. ‘सर छान शिकवतात’ किंवा ‘सगळे डोक्यावरून जाते’ एवढ्याने शिक्षकांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी, हायड्रोजनची दुसरी ऊर्जापातळी विद्युतक्षेत्रात तीन पातळ्यांत कशी विभागते हे शिकवताना त्या पातळीतील इलेक्ट्रॉनच्या चार अवस्थांचे मॅट्रिक्स (संख्यांची चौकोनी मांडणी) फळ्यावर पूर्ण सोडविले गेले, की थेट उत्तरच मांडले गेले, असे नेमके लिहावे. रंकाळा तलावावर भेळ खाताना जी मते मोकळेपणाने मांडली जातात, तीच सभ्य भाषेत कागदावर यावीत. प्राध्यापकांच्या लकबी हा मात्र अभिप्रायाचा विषय नव्हे. अंतर्गत गुण जाहीर झाल्यानंतरच पाकिटे उघडली जातील.