कोतवाल बुकाचे अख्खे पान जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे सोडली गेली. वर्षानुवर्षे फडक्यात बांधून पडलेली कोतवाल बुके, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, बाहेर आली, मोडी वाचणारे बसवले गेले, नोंद सापडलेली पाने काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही चढली. हे काम चांगलेच झाले. पण त्याच बुकांत, कुणब्याच्या वरच्या-खालच्या ओळीत, महार, चांभार, तेली, भंडारी, गाबीत, मुसलमान अशा सगळ्या घरांचे जन्म-मृत्यू लिहिलेले आहेत. हवा तो शब्द ज्या पानावर नव्हता, ते पान उलटून पुढे जायचे, असा तो शोध होता. आमची मागणी एवढीच आहे की बुक उघडलेच आहे, तर पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळी पाने स्कॅन करावीत.

गिरणगावातल्या घरांना याची निकड जास्त आहे. वतनदाराचा करीना (घराण्याची लिहिलेली हकीगत) असतो, देशमुखाचा महजर (निवाड्याचा लेख) असतो. राजापूर-संगमेश्वरकडून किंवा पाटण-जावळीकडून मुंबईत येऊन गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव सरकारी कागदावर आयुष्यात दोन-तीनदाच चढले. जन्मला तेव्हा, शाळेत गेला असेल तर तेव्हा, आणि मेला तेव्हा. त्यातल्या दोन नोंदी बहुधा कोतवाल बुकात असतात. ते बुक वाळवीने खाल्ले की त्या घराची माहिती आजोबांपाशी थांबते.

अशा घरांसाठी पूर्वजांचा शोध घेताना लोक कुठे अडतात, हे आम्ही सतत पाहतो. बहुतेक जण थेट तालुक्याला जाऊन ‘आमच्या पणजोबांची नोंद द्या’ असा अर्ज टाकतात. महसुली गाव कोणते, मृत्यूचे साल साधारण कोणते, हे सांगता आले नाही तर कारकून दप्तर काढत नाही, आणि काढले तरी शेकडो ओळींतून काही हाती लागत नाही. म्हणून आधी मुंबईतला शेवटचा कागद, मग त्याच्या आधीचा, असे मागे मागे जावे.

मुंबईतला कागद म्हणजे पत्र्याच्या ट्रंकेतला. हजेरी कार्ड, पगारपावती, खोलीची भाडेपावती, जुने रेशनकार्ड. हजेरी कार्डावर तिकीट नंबर आणि खाते मिळते, गाव क्वचितच. बदलीवर असताना एक नंबर आणि कायम झाल्यावर दुसरा, असेही होते. दोन नंबर दिसले म्हणून लगेच दोन माणसे धरू नयेत. सर्वात मोलाचा कागद फंडाचा वारसाचा अर्ज, म्हणजे १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यानंतर भरून घेतलेला. कामगाराने स्वतः सांगितलेली बायको-मुलांची, अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावे, नाते, वय आणि कायमचा पत्ता त्यात असतो. कायमचा पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट, तालुका. गावाकडचा सगळा शोध या एका ओळीवर उभा राहतो. चाळींचा पुनर्विकास चालू असताना खोल्या रिकाम्या करायच्या घाईत हेच कागद रद्दीत जातात, म्हणून ट्रंक आवरायला घरातले जाणते माणूस बसवावे.

घरात काहीच नसेल तर गावमंडळाकडे जावे. गावकीच्या खोलीत राहिलेल्या माणसांची नावे मंडळाच्या वर्गणीच्या वहीत बऱ्याचदा वाडीवार लावलेली असतात, आणि सभासद मयत झाल्यावर घरच्यांना दिलेली मदत तारखेसह लिहिलेली सापडते. या वह्या सरकारी नाहीत. कुणाच्या तरी माळ्यावर असतात आणि त्या माणसामागे टाकून दिल्या जातात.

शाळेचा कागद मागताना ‘शाळा सोडल्याचा दाखला’ न मागता ‘प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा’ मागावा. दाखल्यात निवडक रकाने उतरतात, उताऱ्यात जनरल रजिस्टरची सबंध ओळ येते. जन्मस्थळ, जात, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण, हे सगळे. मुंबई महापालिकेच्या शाळेतल्या नोंदीत आधीची शाळा म्हणून गावची शाळा लिहिलेली असेल, तर गावाचा प्रश्न तिथेच सुटतो. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. शाळा जूनमध्ये उघडते. वय बसवायला गुरुजींनी घातलेली ती तारीख आहे, आणि सालही एखाद-दोन वर्षांनी इकडेतिकडे असू शकते.

मृत्यूच्या नोंदीत सगळ्यात जास्त हेलपाटे होतात. मुंबईत नोंद राहत्या घराच्या विभागात होत नाही, मृत्यू जिथे झाला त्या विभागात होते. वरळीच्या चाळीत राहणारा माणूस केईएम रुग्णालयात वारला असेल, तर वरळीच्या, म्हणजे महापालिकेच्या जी दक्षिण विभागात कितीही शोधले तरी मिळणार नाही. केईएम परळला, म्हणून नोंद एफ दक्षिणमध्ये. नायर किंवा जेजेमध्ये वारला असेल तर ई विभाग. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही शोध घेऊन दाखला मागता येतो, मात्र त्या दाखल्यात मृत्यूचे कारण देता येत नाही. तेव्हा कारणासाठी भांडत बसू नये. नोंद सापडली नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागावा आणि त्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोधले ते लिहून घ्यावे. नाहीतर पुढच्या खेपेला तीच वर्षे पुन्हा चाळावी लागतात.

आणि मुंबईत नोंद नसणे यात नवल नाही. क्षय झाला, काम होईना, की माणसाला गावी पोचवत. कामगार म्हणून चाळीस वर्षे मुंबईत काढलेल्या माणसाचा मृत्यू कोकणातल्या बुकात निघतो.

दफनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हिंदू घरांत ‘आपल्याकडे दहन, त्यामुळे स्मशानात काही मिळणार नाही’ असा समज पक्का आहे. स्मशानभूमीत नोंदवही असते. मयताचे नाव, वय, पत्ता आणि अंत्यविधीसाठी पास कोणाच्या नावे दिला हे तिच्यात येते. खबर देणारा बहुधा चुलता, मेहुणा किंवा गाववाला असतो, आणि त्याचे नाव हाच पुढचा दुवा ठरतो. तान्ह्या मुलांना हिंदू घरांतही पुरतात. जन्मनोंद न झालेल्या, घरात कुणी नावही न घेतलेल्या मुलाची एकमेव खूण दफनाच्या नोंदीत असू शकते. लिंगायत, जंगम, गोसावी, नाथपंथी यांच्यात दफनाचीच रीत आहे.

मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकर घरांसाठी नारियलवाडीचे कबरस्तान, तर ख्रिस्ती कामगारांसाठी शिवडीची १८६५ ची दफनभूमी. दोन्हीकडे एकच अडचण येते. मुंबईत जागा अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात. गरिबाच्या कबरीवर दगड नव्हताच, असला तर टिकलेला नाही. तेव्हा दगड शोधत उन्हात फिरण्याऐवजी आधी ट्रस्टच्या किंवा चर्चच्या वहीतला नंबर काढावा. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन वेगळ्या वह्या असतात. गोव्याहून आलेल्या माणसाच्या लग्नाच्या नोंदीत त्याच्या मूळ चर्चचे नाव असते, म्हणून दफनाची नोंद मिळाली की तिथेच न थांबता लग्नाची वहीही पाहावी.

आता गाव. इथे एक चूक हमखास होते. जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीला ‘गाव नमुना नं. १४’ म्हणत, कोतवाल बुक ते हेच. पण तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) आजच्या दप्तरात नमुना १४ म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही. अर्जात नुसते ‘नमुना १४’ लिहिले तर तलाठी विहिरींची यादी पुढे करतो, आणि माणूस ‘नोंद नाही’ म्हणून परत फिरतो. अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षाला करावा आणि त्यात ‘जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक), मौजे अमुक, सन अमुक ते अमुक’ असे स्पष्ट लिहावे. १९७० नंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक). गट ग्रामपंचायत (काही गावांची मिळून एक) असेल तर गावाचे महसुली नाव वेगळे असू शकते, ते आधी सातबाऱ्यावरून पाहून घ्यावे. जिल्ह्याचे नावही तपासावे. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, रायगडला कुलाबा म्हणत, सांगलीच्या जुन्या कागदांवर दक्षिण सातारा दिसते.

बुक उघडले की काय दिसते? लांबट पान, रकाने आखलेले, कडा तपकिरी होऊन खवले सुटलेले. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसतेच, कारण बारसे व्हायचे असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात, एवढेच. म्हणजे पणजोबांचे नाव घेऊन जन्म शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. त्यांच्या बापाच्या नावाने शोधावे. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय आणि कारण असते: ताप, देवी, पटकी, जुलाब. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने उघडली की मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीने ओळीवर ओळ ‘ताप’ झालेली दिसते. एकाच घरातली तीन-चार नावे आठवड्याभरात गेलेली असतात, आणि वंशावळीत अचानक तुटलेल्या फांदीचा उलगडा तिथे होतो.

मोडी पानावर आधी आडवी रेघ ओढत आणि अक्षरे तिला टांगत जात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. मोडी येत नसेल तरी जात आणि गाव हे शब्द ओळखायला आठवड्याभरात जमते, कारण ते प्रत्येक ओळीत येतात. नाव मात्र जाणत्याकडूनच वाचून घ्यावे. शके दिले असेल तर ७८ मिळवावे, पौष-माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९. हाताने लिहिलेला १ आणि ९ यांची गल्लत फार होते, आणि त्यात माणसाचे वय एकदम बदलते.

नावाचा घोळ वेगळाच. जुन्या बुकात आडनाव नसते, ‘धोंडू बिन बाळू’, म्हणजे बाळूचा मुलगा धोंडू, एवढेच. मुंबईत आल्यावर कुणी गावावरून ‘-कर’ लावले, कुणाची जातच आडनाव झाली. सख्ख्या भावांची आडनावे वेगळी पडलेली घरे आहेत. म्हणून आडनावावर भर न देता बापाचे नाव, गाव आणि जात या तीन गोष्टी जुळतात का पाहावे. बायकांचे नाव लग्नात बदलत असे. आजीच्या माहेरचा धागा तिच्या भावाच्या वारस फेरफारात, म्हणजे जमिनीवर वारसांची नावे लावल्याच्या नोंदीत सापडतो, जिथे बहिणींची नावे सातबाऱ्याच्या इतर हक्कात टाकलेली असतात.

जमीन नव्हती म्हणून जमिनीचे कागद सोडू नयेत. खोती गावांत घर खोताचे कूळ म्हणून कसत असेल तर कुळाच्या रकान्यात नाव येते, आणि १९५० च्या सुमारास खोती गेल्यावर किंवा १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर (कुळे जमिनीची मालक ठरली तो दिवस) झालेल्या फेरफारात नाव सातबाऱ्यावर चढते. नमुना ६ चे जुने फेरफार आणि ६ क ची वारस नोंदवही दोन्ही पाहावीत. फेरफारात मयताची तारीख आणि सगळे वारस एका परिच्छेदात लिहिलेले असतात. ‘मुंबईस असतात’ एवढा शेरा दिसला तरी मागचा-पुढचा दुवा जुळतो.

आमची दुसरी मागणी महापालिकेकडे आहे. परळ-भोईवाडा, वरळी, शिवडी, चंदनवाडी या ठिकाणच्या जुन्या स्मशान नोंदवह्या एका जागी आणून, क्रमवार लावून, त्यांच्या प्रती लोकांना पाहायला ठेवाव्यात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या खोलीत त्या ठेवू नयेत.

तोवर ज्यांना दप्तर पाहायची परवानगी मिळेल त्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढताना पानाच्या माथ्यावरचे गाव आणि साल, आणि डाव्या समासातला अनुक्रमांक, हे दोन्ही चौकटीत घ्यावे. नुसत्या ओळीचा फोटो घेतला तर नक्कलेच्या अर्जात पान आणि क्रमांक भरता येत नाही, आणि तेच बुक पुन्हा सोडायला कारकून तयार होत नाही.

आपले,
वंशशोधाच्या कामात मदत करणारे काही वाचक,
लालबाग, मुंबई