तवांगला या, ऑक्टोबरात

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हा कागद आधी उजेडाकडे धरून बघा. सालीचे धागे दिसतील. याला इथे, अरुणाचलातल्या तवांगमध्ये, मोन शुगु म्हणतात. बाबा, "तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून कागदापासूनच सुरुवात करते.

मुक्तो गावात एका मावशींना तो करताना पाहिलं. शुगु शेंग नावाच्या झुडपाची आतली साल राखेच्या पाण्यात उकळायची, दगडावर ठेचून लगदा करायचा. मग कापड ताणलेली चौकट पाण्यात तरंगत ठेवून त्यावर लगदा ओतायचा आणि हाताने सारखा पसरायचा. मावशी चौकट इतक्या सपाट उचलतात की काठालासुद्धा कुठे जाड थर येत नाही. तशीच उन्हात उभी करायची, वाळलं की कागद सोलून काढायचा. हे जाणणारी घरं आता थोडीच उरलीत. डिसेंबर २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगाने तवांगमध्ये याचं युनिट सुरू केलं, तेव्हा मोठा आधार झाला. ही कला टिकायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आई, तवांगच्या गोम्पातले, म्हणजे बौद्ध मठातले, ग्रंथ याच कागदावर लिहीत. सुटी लांबट पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि कापडात बांधलेली, अगदी तुझ्या गुरुचरित्राच्या पोथीसारखी. हा गोम्पा मेराक लामांनी १६८०-८१ मध्ये उभारला, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज गेले त्याच सुमाराला. आतली बुद्धमूर्ती दोन मजले उंच आहे, मान वर करून बघावी लागते. सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान उर्गेलिंगही जवळच आहे.

बाबा, तुम्हाला मात्र आधी युद्धस्मारकावर नेणार. १९६२ च्या चीन युद्धात इथल्या कामेंग क्षेत्रात पडलेल्या २,४२० जवानांची नावं तिथे कोरलीत. स्मारक चाळीस फुटी स्तूपाच्या आकाराचं आहे. नावं वाचायला वेळ लागेल, मी थांबेन.

आता काळजीचं. तवांग दहा हजार फुटांवर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. बाबांचं बीपी बघता घाई करायची नाही. विमानाने गुवाहाटी, तिथून गाडीने दिरांग. ते पाच हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री नुसता आराम. पुढे सेला खिंडीच्या माथ्यावर जायलाच नको, मार्च २०२४ पासून बोगदा सुरू आहे. त्याचीही उंची बरीच आहे, म्हणून तिथे न थांबता खाली उतरायचं. आई, गोम्पाच्या पायऱ्या आपण बसत बसत चढू, तुझ्या गुडघ्यांना जपून.

डिसेंबरनंतर बर्फ पडतो, म्हणून ऑक्टोबरच बरा. बाबा, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून या आणि ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं सांगा. हो म्हणाले तर दोघांच्या आधारकार्डाचे फोटो पाठवा, अरुणाचलात यायला लागणाऱ्या परवान्याचा, इनर लाइन परमिटचा, अर्ज मी इथून भरते.

तुमची,
मनू

ता. क. आई, लोकरीचे मोजे विणू नकोस, इथे छान मिळतात. मेतकूट मात्र आण.