रात्रीचे राग रात्रीच ऐकायला मिळावेत

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोलापुरातील संगीत मंडळांनी आणि सभागृहांच्या चालकांनी वर्षातून निदान एक शास्त्रीय मैफल रात्रभराची ठेवावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आजवर ऐकलेल्या ज्या मैफली मनात घर करून राहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक मध्यरात्रीनंतर रंगलेल्या आहेत.

गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवाला सोलापूरचे रसिक वर्षानुवर्षे जात आले आहेत. रमणबागेच्या मैदानावरील भारतीय बैठकीत, डिसेंबरच्या थंडीत, आपल्याच गावच्या चादरी पांघरून आम्ही बसत असू. मुक्कामाचा प्रश्नच नसे, कारण रात्र मंडपात सरे आणि उजाडल्यावर थेट स्टेशन गाठता येई. परगावच्या बेताच्या मिळकतीच्या श्रोत्याला ही फार मोठी सोय होती.

ऐंशीच्या दशकात तेथे पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांना ऐकले. लांबलचक आलापीत न अडकता एखाद्या अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, रागाची बंदिश ते सरळ हाती घेत आणि तिच्याच अंगाने राग उलगडत नेत. पुढची तान कोणत्या वाटेने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार याचा अंदाज जाणकारांनाही बांधता येत नसे. ज्यांच्या घरी कानडी बोलली जाते, असे आमच्यातले सोलापूरकर त्यांच्या वचनगायनाची, म्हणजे शरण संतांच्या कन्नड वचनांच्या गायनाची, विशेष वाट पाहत. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार असल्याने ती ओढ स्वाभाविकच होती. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत तानपुरे मनासारखे जुळल्याखेरीज गाण्याला आरंभ होत नसे आणि श्रोत्यांतली कुजबूजही त्यांना खपत नसे. काहींना ही शिस्त कडक वाटे. मला मात्र ती गाण्याइतकीच आवश्यक वाटत आली आहे.

पहाटेच्या सुमाराला मंचावर एक लहानशी गोष्ट घडे, ती आजही डोळ्यांसमोर आहे. ललित या पहाटेच्या रागात पंचम (प) हा स्वर नाही. म्हणून तो गाण्यापूर्वी तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यम (म) या स्वरावर उतरवली जाई. साथीला बसलेला शिष्य खुंटी किंचित फिरवी, कान लावी, पुन्हा फिरवी आणि तार मध्यमावर स्थिरावताच मंडपातली झोपाळलेली माणसे सावरून बसत. अजून एकही स्वर गायलेला नसे, तरी पहाट झाल्याचे सर्वांना कळलेले असे.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि त्यानंतरचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांमुळे उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंद राहू लागले. वर्षातील १५ दिवसांपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, परंतु तीही मध्यरात्रीपर्यंतचीच. आजारी माणसे, वृद्ध आणि अभ्यास करणारी मुले यांच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत आणि त्यांत सूट मागण्याचा माझा हेतू नाही. मात्र रात्रीच्या उत्तर प्रहरांतले राग त्यामुळे मंचावरून जवळजवळ हद्दपार झाले. आपल्या शहरात मोकळ्या मैदानावर झालेल्या एका कार्यक्रमात गायकाने दरबारी कानडा हा मध्यरात्रीचा राग आरंभला होता. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला आंदोलित (हेलकावत लागणारा) गंधार नुकता कुठे लागत होता, तोच पावणेदहाला आयोजकांची चिठ्ठी मंचावर आली. तबलावादकाने मनगटावरचे घड्याळ पाहिले, द्रुत चीज घाईने उरकली गेली आणि भजनाने समारोप झाला. कोणाचाच दोष नव्हता, पण दरबारी झाला नाही.

याच नियमांत सभागृहांसारख्या बंदिस्त जागांना, आवाज आतल्या आत राहत असेल तर, रात्रीच्या बंदीतून वगळले आहे, याकडे आयोजकांचे लक्ष वेधावेसे वाटते. हुतात्मा स्मृती मंदिर आणि डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह अशी सभागृहे आपल्याकडे आहेत. जादा वेळेचे भाडे, कर्मचाऱ्यांची रात्रपाळी आणि पोलिसांची परवानगी या अडचणी खऱ्या आहेत, तथापि वर्षातून एका रात्रीपुरत्या त्या सुटण्याजोग्या आहेत. आरंभी स्थानिक तरुण गायक-वादकांना बसवावे, मध्यरात्रीनंतर बुजुर्गांना ऐकावे आणि भैरव रागाने सकाळ करावी. बंद सभागृहात ध्वनिक्षेपकाचा आवाज माफक ठेवला, तर तानपुराही ऐकू येईल. तेवढ्यासाठीसुद्धा ही मैफल व्हायला हवी. ज्या तरुणांनी मालकंस हा रात्रीचा राग केवळ मोबाईलवर, तोही भर दुपारी ऐकला आहे, त्यांना तो एकदा रात्री दोन वाजता समोर बसून ऐकायला मिळावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

जानेवारीतील गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला एखादा शनिवार यासाठी ठरवता येईल. तिकीट काढून रात्रभर बसणारे श्रोते या शहरात आजही आहेत. संगीत मंडळांनी एकत्र येऊन तारीख तेवढी जाहीर करावी.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, सोलापूर