एकादशीच्या बटाट्याबद्दल, पबवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची शक्यता जवळपास शून्य, पण त्या दिवशी निघताना घाईघाईत दोनदा थँक्यू म्हणलं ते मला पुरलं नाही, आणि जे म्हणायचं होतं ते इंग्लिशमध्ये मला जमलंही नसतं. तुमचं नाव, पबचं नाव लिहीत नाही, उगीच रविवारी गर्दी करतील आमची माणसं.

तर 6 जुलै 2025, रविवार. आमच्याकडे त्या दिवशी आषाढी एकादशी होती. आईबाबा फलटणहून आमच्याकडे इंग्लंडात स्विंडनला आलेले, आणि फलटण म्हणजे माउलींच्या पालखीचा मुक्काम, आमच्या दारात दरवर्षी वारकरी जेवायला असतात, आईच्या लग्नापासून तिनं एकदाही चुकवलं नव्हतं. त्या वर्षी लेकीकडे आली म्हणून चुकलं. आठवडाभर ती व्हिडिओ कॉलवर शेजारणीला "पिठलं किती केलं, भाकऱ्या पुरल्या का" विचारत होती आणि मग आमच्या गार्डनमध्ये जाऊन गप्प बसत होती. म्हणून म्हणलं चला जरा कॉट्सवोल्ड्स, म्हणजे इथली जुनी दगडी खेडी, दाखवून आणू.

बायबरीला गेलो. आर्लिंग्टन रोची ती मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, चौदाव्या शतकात लोकर ठेवायला बांधलेली आणि मग सतराव्या शतकात विणकरांना राहायला दिलेली, हे सगळं मी उत्साहानं सांगितलं तर आई म्हणाली, "ठेंगणी आहेत गं, आत उभं राहता येत असेल का?" पार्किंग मिळेना, पोरं भुकेली, त्यात पहिल्या एका पबमध्ये आम्हाला दारातूनच "किचन बंद" म्हणून परत लावलं, घड्याळात दोन पस्तीस. चूक आमचीच, रविवारी टेबल आधी बुक करायला लागतं हे सहा वर्षं इथे राहून मला कळू नये म्हणजे कमाल आहे. तसंच पुढच्या गावात तुमची पाटी दिसली.

आणि आई गाडीतून उतरेना. "एकादशीला दारूच्या गुत्त्यात जेवायला नेतेस? आणि पोरांना घेऊन?" मी सांगतेय की अगं इथे पब म्हणजे गावची चावडी असल्यासारखं असतं, अठराच्या खालच्याला दारू देत नाहीत पण पोरं आईबापाबरोबर जेवायला सर्रास येतात, बघ ती आजी बसलीये, तो कुत्रा बसलाय. कुत्र्याचा उल्लेख करायला नको होता.

तुम्ही खिडकीतून बघत होतात बहुतेक. बाहेर आलात, हात पुसत, आणि मी काय ते अर्धवट सांगितलं, की आज आईचा उपास आहे आणि तिला बारमधून जायचं नाहीये. दुसरं कोणी खांदे उडवले असते. तुम्ही म्हणालात, मग बारमधून कशाला, आणि बाजूचं फाटक उघडून आम्हाला थेट मागच्या गार्डनमध्ये नेलंत, सफरचंदाच्या झाडाखालचं लांब टेबल दिलंत, ओला बाक स्वतः पुसलात. आईनं वर बघितलं, झाडाला सुपारीएवढी हिरवी सफरचंदं लागलेली, आणि ती बसली. झालं, अर्धी लढाई तिथेच जिंकली.

मग जेवण. मी नेहमीसारखं "ती मीट खात नाही, एग खात नाही, गहू नाही, तांदूळ नाही, कांदा नाही" अशी नाहीची माळ लावली. इथे कायद्यानं ॲलर्जीच्या चौदा पदार्थांची माहिती द्यावी लागते, तुमच्याकडे ती फाइल होतीच, पण एकादशी काही त्या चौदात बसत नाही. तुम्ही फाइल मिटलीत आणि विचारलंत, "काय खाते ते सांग, लव्ह." मी म्हणलं, बटाटा. शेंगदाणे. लोणी.

त्यावर तुम्ही जे खरं सांगितलंत त्याबद्दल तर खास आभार. रोस्ट पोटॅटो गाईच्या चरबीत भाजलेत, ते देऊ नका. चिप्स ज्या तेलात तळतो त्यातच मासा तळतो, तेही नको. कितीतरी ठिकाणी "येस येस, व्हेज" म्हणून समोर आणून ठेवतात हो, आणि आपण खातो. जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, तुमच्या रविवारच्या मेन्यूत नव्हताच, तरी म्हणालात करते, पण तासभर लागेल, चालेल का?

तो तास मस्त गेला. पोरांनी चिकन रोस्ट खाल्लं, यॉर्कशायर पुडिंग बघून धाकटीनं "पुडिंग गोड का नाही" म्हणून तोंड वाकडं केलं आणि मग ग्रेव्हीत बुडवून दोन संपवली. बाबांनी आईची नजर चुकवून अर्धा पाइंट एल, म्हणजे इथली बिअर, घेतली आणि "गरम आहे ही" म्हणून तक्रार केली, तर तुमच्या बारवाल्या मुलानं त्यांना समजावलं की ही पिंपातच मुरत असते, तळघरात बारा डिग्रीच्या आसपास ठेवतात, बर्फासारखी गार केली तर चव मरते. बाबा आता फलटणमध्ये हे सगळ्यांना सांगतात.

आणि मग तो बटाटा आला. नारळाएवढा. साल कडक, वर फुली मारून फोडलेला, आतून वाफ येतेय आणि लोण्याचा गोळा हळूहळू घसरतोय. वेगळ्या ट्रेमध्ये, नव्या फॉइलवर भाजला हे तुम्ही न विचारता सांगितलंत. बारमागची खाऱ्या दाण्यांची पाकिटं आणलीत, आईनं मागे काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं, शेंगदाणे, सूर्यफूल तेल, मीठ. तेलावर ती दोन सेकंद अडली, मग म्हणाली, "परदेशात चालतं." तुम्ही दाणे टी-टॉवेलात गुंडाळून लाटण्यानं टेबलावरच ठेचलेत. दाण्याचं कूट, मावशी! तुम्हाला माहीतही नाही तुम्ही काय केलंत ते.

आई खाताना मधेच म्हणाली, "ती सारखं लव्ह लव्ह काय म्हणते?" बाबा म्हणाले, "आपण माउली म्हणतो ना, तसं." त्यानंतर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराच्या टोकानं डोळे टिपून मला म्हणाली, "आपल्या दारात वारकरी आला की मीपण हेच विचारते, काय चालेल माउली?"

बिलात बटाटा नव्हता, आईच्या खाण्यातली फक्त दाण्याची दोन पाकिटं होती. मी विचारलं तर म्हणालात, मेन्यूतच नाही तर किंमत कुठली लावू. आईनं पर्समधले राजगिऱ्याचे दोन लाडू पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून तुमच्या हातात दिले. तुम्ही एक तिथेच खाल्लात आणि भुगा सगळा ॲप्रनवर सांडलात.

आता एकच काम आहे. आई परत गेली, कार्तिकीला तिनं तिथल्या ओव्हनमध्ये तसा बटाटा करून बघितला, साल मऊ राहिली म्हणे. रोज फोनवर विचारते, त्या बाईनं सालीला आधी मीठ चोळलं होतं का आणि किती डिग्रीवर ठेवला होता? पुढच्या महिन्यात येतो आम्ही, या वेळी टेबल बुक करून. तेव्हा तेवढं सांगा.

तुमची,
झाडाखालच्या टेबलवाली